रिग्झिन सरांचं अर्धं गणित

शाळेतला यंदाचा हा सहावा निरोप समारंभ. सहा वेळा वर्गणी, सहा वेळा भाषणं, आणि सहाही वेळा मिरच्या-चीजची एमा दात्शी रांधायला वसतिगृहाची स्वयंपाकीण कुंझांगच. जाणारे ऑस्ट्रेलियाला जातात, मागे भांडी घासायला ही.

आज रिग्झिन सर चालले होते. शाळेत फिजिक्स शिकवणारा हा शेवटचा माणूस. बारावीची परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती, आणि कुंझांगची चोकी बारावीत होती. मार्क पडले तरच पुढे सरकारी जागा, नाहीतर तीही आईसोबत चुलीपुढे.

रिग्झिन याच वसतिगृहात वाढलेला. शाळा फुकट, पुढे कॉलेजही सरकारी खर्चानं. तापात पडला तेव्हा कुंझांगनंच त्याला पेज भरवली होती.

भाषणात तो म्हणाला, "देशानं मला शिकवलं. उद्या सरकारनं मागितलं तर पै न् पै परत करीन."

टाळ्या वाजल्या. कुंझांगच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

"तिथं काय शिकवणार रे तू?" तिनं सगळ्यांसमोर विचारलं.

"शिकवायला नाही चाललो, आमा. वृद्धाश्रमात काम मिळालंय. इथल्या पगारात घर उभं राहत नाही."

"आणि माझ्या पगारात राहतं, होय?"

हेडमास्तर खाकरले. "कुंझांग, तू वाढायचं बघ."

"वाढते की. पण हा पैसे देणार सरकारला. सरकार येणार आहे का उद्या बारावीच्या वर्गावर?"

रिग्झिनच्या गळ्यात निरोपाचे पांढरे खादर, उपरण्यासारखे, घालायला रांग लागली. चोकीही रांगेत होती. कुंझांगनं तिच्या हातातला खादर काढून घेतला आणि वही दिली.

"तुझं अडलेलं गणित विचार त्याला. फेडायचंय ना, आत्तापासून फेडू दे."

रिग्झिन ओशाळला, पण बाकावर बसला. चोकीचं पेन घेतलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. गळ्यातले खादर वहीवर लोंबत होते, ते त्यानं मागे टाकले. रांगेतली पोरंही वाकून बघू लागली. किती चांगलं शिकवायचा मेला. त्याचाच तर राग येत होता.

"आता इथं काय होईल?" त्यानं विचारलं. चोकी तोंड उघडणार, तोच टॅक्सीचा हॉर्न वाजला.

तो उठला. "फोटो पाठव चोकी, तिथून सांगतो."

"कधी?" कुंझांग म्हणाली. "म्हाताऱ्यांच्या आंघोळी उरकल्यावर?"

तो खाली मान घालून टॅक्सीत बसला. गाडी वळणाआड गेली, आणि सगळे जेवायला वळले.

चोकी वहीपाशीच होती. "आमा, पुढची ओळ येईल मला बहुतेक," ती म्हणाली आणि पेन शोधू लागली. बाकावर नव्हतं, बाकाखालीही नव्हतं. सर सवयीनं खिशाला लावून घेऊन गेले होते.

"पेनसुद्धा नेलं," कुंझांग म्हणाली आणि स्वयंपाकघरातली पेन्सिल आणायला गेली.