तारेखालची जागा

चष्मेवाल्यांच्या बायकोचं डावं मनगट मोडलं ते अगदी क्षुल्लक कारणानं. पडदा लावायला ती स्टुलावर चढली आणि उतरताना पायाखाली स्टुलाऐवजी हवा आली. यथावकाश प्लास्टर निघालं, हाड नीट जुळलं, पण बोटांत पूर्वीचा जोर राहिला नाही. इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेतली की थोड्याच वेळात तिचा चेहरा आक्रसायचा आणि ती हात झटकत उठायची. नणंदेच्या गॅरेजमध्ये दर शनिवारी जमणाऱ्या त्यांच्या बँडमध्ये ती तरुणपणापासून वाजवत होती. ड्रमवर नणंद, बेसवर कोपऱ्यावरचे लाँड्रीवाले आणि गिटारवर ही.

चष्मेवाल्यांना स्वतःला सुराचा गंध नव्हता. "दादाला कान दिलेत ते चष्म्याच्या काड्या अडकवायला," असं त्यांची धाकटी बहीण, म्हणजे ही ड्रमवाली नणंदच म्हणायची. पण माणूस बारीक कामातला. त्यांनी गिटार नीट न्याहाळली. मानेवरच्या फ्रेटच्या, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून तार जितकी उंच, तितकं ती दाबायला बोटाला कष्ट जास्त. मग तार खाली आणली की झालं! तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात त्या ब्रिजवर प्रत्येक तारेखाली एक छोटा ठोकळा होता आणि त्या ठोकळ्याला उंची देणारे दोन इवलेसे स्क्रू. चष्म्याच्या काडीला असतात ना, जवळपास तसलेच.

बायको बाजारात गेली की ते खालच्या आपल्या दुकानातून स्क्रूड्रायव्हर आणत आणि प्रत्येक स्क्रू जरासा फिरवत. तिला सांगायची सोय नव्हती. कीव केलेली तिला खपायची नाही. काम मात्र त्यांनी डोळे मिटून केलं नव्हतं. प्लास्टिकची पातळ पट्टी तारांखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून ते बघायचे. पट्टी कुठे अडली नाही, की खूश.

पण गिटार खरखरायला लागली. आधी पंख्याखाली कागद फडफडावा तशी. मग तार बाजूला ओढून सूर चढवायला गेलं, की सूर मध्येच गुदमरून मरायचा. बायको आणखी जोरानं दाबायची आणि आणखी दमायची.

"बोटं कामातून गेली माझी," ती एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, जणू दूध संपलं म्हणून सांगावं तशी.

पुढच्या बाजारच्या वेळी चष्मेवाल्यांनी स्क्रू आणखी थोडे उतरवले. रोग वाढला म्हणून औषध वाढवावं आणि औषधच रोग असावं, तशातली गत.

शेवटी तिनं ठरवून टाकलं. गिटार भाचीला द्यायची, बँडमधली जागाही तिलाच. त्यासाठी आज नणंद रिकामी बॅग घेऊन आली होती.

"वहिनी, नीट विचार केलास का?" नणंदेनं विचारलं.

"केला हो, वन्सं. तुमची लेक चांगली वाजवते. माझ्या खरखरीनं तुमचा ड्रम कशाला नासवू?"

"माझा ड्रम काय नासणार! तुझ्या नवऱ्याच्या मते तो आधीच नासलेला आहे."

एरवी चष्मेवाल्यांनी टोला परतवला असता. आज ते नुसतेच दाराला टेकून उभे राहिले.

नणंदेनं गिटार आवाज मोठा करणाऱ्या अॅम्पला जोडली. बॅगेत घालण्याआधी एकदा वाजवून बघावी म्हणून वरच्या फ्रेटवर शेवटची तार दाबली आणि ओढली. सूर वर निघाला आणि पटकन मेला. तिनं पुन्हा ओढली. ड्रम बडवून घट्ट झालेली ती बोटं, पण सूर पुन्हा मेला.

"वहिनी," ती सावकाश म्हणाली, "माझं मनगट कधी मोडलं होतं गं?"

नणंदेनं गिटार खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. "मान ठीक दिसतेय. पण हे स्क्रू बघ. बाकी लोखंड काळवंडलंय आणि यांच्या खाचा कशा चकचकीत! कुणीतरी हल्लीच फिरवलेत."

बायकोची नजर नवऱ्याच्या शर्टाच्या खिशाकडे गेली. स्क्रूड्रायव्हरची पिवळी मूठ बाहेर डोकावत होती.

"अहो."

"तुला दाबायला सोपं जावं म्हणून," चष्मेवाले पुटपुटले. "मी मोजून केलं होतं. पट्टी कुठेही अडत नव्हती."

"किती दिवस मी माझ्या हाताला शिव्या देतेय, ठाऊक आहे?" तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "रात्री कुशीवर वळून बोटं मोजत होते मी. शाबूत आहेत का म्हणून."

चष्मेवाल्यांच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. पट्टी तर खरंच अडत नव्हती, मग सूर मरतो कुठे? ते तडक जिना उतरले. "रुसला की काय?" नणंद म्हणाली. तेवढ्यात ते परत आले. हातात भिंगाचा फुगीरपणा मोजायचं घड्याळासारखं यंत्र होतं, खाली तीन टोकं असलेलं.

"तारा जरा सैल कर," ते म्हणाले. बायकोनं खुंट्या फिरवल्या. तारा बाजूला सारून त्यांनी ती तीन टोकं दोन फ्रेटच्या मध्ये, मानेच्या लाकडावर आडवी टेकवली. काटा हलला.

"सपाट नाहीये ही!" ते जवळजवळ ओरडलेच. "भिंगासारखी मधे फुगलेली आहे. हिला जवळपास तीनचा नंबर आहे!"

"गिटारला चष्मा लावणार का आता?" नणंद म्हणाली.

"ऐक गं. मी मोजलं तेव्हा तार कडेला होती, उतारावर. तिथे जागा पुरेशी होती. पण तुझी वहिनी ती ओढते तेव्हा तार मधल्या टेकाडावर चढते आणि पुढच्या फ्रेटवर जाऊन टेकते. आणि टेकली की संपलंच." ते बायकोकडे वळले. "स्वस्थ असलेली तार मोजली मी. वाजणारी मोजलीच नाही."

तिनं तारा पुन्हा सुरात चढवल्या, गिटार मांडीवर घेतली आणि ब्रिजची बाजू त्यांच्याकडे केली.

"फिरवा. मी सांगेन तिथे थांबायचं."

ते तिच्या समोर गुडघ्यावर बसले. स्क्रू जरासा फिरला, ठोकळा केसभर वर आला. तिनं तार पुन्हा सुराला लावून ओढली. गुदमरली. पुन्हा जरासं, पुन्हा सुराला, पुन्हा गुदमरली, पण थोडी उशिरा.

"आता दुखायला लागेल तुला," ते खालच्या मानेनं म्हणाले.

"दुखू दे. कुठे दुखतंय ते मला कळेल तरी. फिरवा."

आणखी थोडं वर. या खेपेला सूर चढला आणि वर टिकून राहिला. अॅम्पचा आवाज बंद करून तिनं गिटारला कान लावला. तारेची बारीक खरखर अजून होती. त्यांचा हात पुन्हा स्क्रूकडे गेला.

"नको. एवढी राहू द्या," तिनं त्यांचं बोट धरून बाजूला केलं. "अॅम्पमधून ती ऐकू येत नाही. याहून वर नेलीत तर मला दाबवणार नाही. इथेच माझं जमेल."

मग उरलेल्या तारांचं तसंच, एकेकीचं वेगळं. कुठली किती वर, ते तिनं सांगायचं आणि त्यांनी करायचं. तोवर नणंदेनं बाहेर जाऊन लेकीला फोन लावला होता. "गिटार नाही मिळत हो तुला... नाही, भांडण नाही. मामाला आत्ताच शोध लागलाय, गिटारची मान फुगीर असते म्हणून. आम्हाला काय, जन्मापासून माहीत होतं. आम्हाला विचारलं कुणी!"

आत बायकोनं अॅम्प पुन्हा चालू केला. तोच वरचा फ्रेट, तीच तार. तिनं ओढली. मनगट थरथरलं, ओठ घट्ट मिटले. सूर पोचायला हवा तिथवर पोचला नाही, थोडा खालीच राहिला. पण मेला नाही. लांबपर्यंत वाजत राहिला.

"बेसूर झाला ना?" चष्मेवाल्यांनी भीत भीत विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"झाला," ती म्हणाली. "हा मात्र माझाच."

आणि तिनं तार पुन्हा ओढली.