न ऐकलेले ठोके

मी एक जुना लाकडी कर्णा आहे. फुंकायचा नव्हे, ऐकायचा. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल, पण तुमच्यापैकी कुणाच्या तरी आजीच्या पोटावर मी टेकलेलो असेन. माझं एक तोंड घंटेसारखं रुंद, दुसरं टोक बशीसारखं चपटं आणि मध्ये आरपार भोक. रुंद तोंड आईच्या पोटावर ठेवायचं, चपट्या टोकाला कान लावायचा. आत बाळाचं काळीज धावत असतं, ते ऐकू येतं.

मला एका कातार्‍यानं घडवलं. त्याच्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. मला घासून गुळगुळीत केल्यावर त्यानं पहिल्यांदा तिच्याच पोटावर ठेवलं आणि कान काही उचलेना. "जेवायला उठताय, की तिथंच मुक्काम?" ती म्हणाली. माझ्या आयुष्यातला तो पहिला ठोका.

पुढं मी प्रसूतिगृहात आलो आणि मोठ्या सिस्टरांच्या हाती पडलो. सव्वीस वर्षं त्यांनी मला वापरलं. त्या आधी मला पुसत, तळहातांत धरून ऊब देत, कारण गार लाकूड लागलं की बाई दचकते. पोटावर ठेवलं, कान टेकला, की हात काढून घेत. तो हात जाई आईच्या मनगटावर. याचं कारण ऐकून ठेवा. आईची नाडीही पोटात वाजत असते आणि घाईतला माणूस तिलाच बाळाचे ठोके समजतो. दोन्ही एकदम मोजले, तरच फरक कळतो. भिंतीवरच्या घड्याळाचं एक पूर्ण मिनिट. तेवढा वेळ कुणी बोललं, तर सिस्टर डोळ्यांनीच दाराबाहेर काढत.

मग आमच्याकडं संशोधन सुरू झालं. मोठ्या डॉक्टरांना पाहायचं होतं, की नव्या यंत्राच्या तुलनेत जुना कर्णा कमी पडतो का. कळा सुरू झालेल्या बाईचं बाळ दर पाव तासाला एक मिनिट ऐकायचं आणि आकडा कागदावर लिहायचा. माझी छाती फुगली. असं कुणीतरी खरं मोजलं, म्हणूनच तर कितीतरी आया आणि बाळं वाचली आहेत.

लिहायला एक गृहस्थ नेमले. सिस्टरांनी त्यांचं नाव पाडलं आकडेसाहेब. संशोधनाच्या खोलीत तेच ऐकणार, दुसर्‍या कुणी मला हात लावायचा नाही, असा नियम झाला.

पहिला आठवडा त्यांनी ऐकलं. दहा सेकंद. त्यांच्या कानातला मळ माझ्या काठाला लागे आणि मला न पुसता ते तसेच पुढच्या बाईकडं जात. एकदा तर त्यांनी माझ्यानं पाठ खाजवली. पुढं तेही थांबलं. कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर बसवलं आणि माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवायला लागले. तो गोल डाग अजून आहे.

कागदावर बसून बसून उतारवयात मी अक्षरं शिकलो. आधी आकडे, मग शब्द. आणि शिकून पहिलं काय वाचलं असेल, तर खोटं. आकडेसाहेब सकाळी यायचे आणि दिवसभराचे ठोके एका बैठकीत लिहून टाकायचे. एकशेचाळीस, एकशेअडतीस, एकशेबेचाळीस.

"सगळीकडं एकच आकडा टाकला तर संशय येतो," ते शिपायाला सांगत. "जरा वरखाली करायचं. कला आहे ही."

मला ओकारी आली असती. पण मी आरपार पोकळ, पोटात काही राहतच नाही.

एके दिवशी त्या खोलीत शिवणकाम करणारी एक बाई आली. पहिलटकरीण. सोबत सासू. दुपारी ती म्हणाली, "बाळ मघापासून हलत नाहीये."

आकडेसाहेबांनी कागद दाखवला. "सगळं उत्तम आहे. हे बघा, एकशेचाळीस."

"तुम्ही ऐकलंत कधी?" सासू म्हणाली. "सकाळपासून मी इथंच बसलेय. तुम्ही तिच्याजवळ आलात कुठं?"

"आजी, हे संशोधन आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"आजी कुणाला म्हणता? अजून व्हायचेय मी आजी. म्हणून तर विचारतेय." आणि ती उठून थेट मोठ्या सिस्टरांना घेऊन आली.

सिस्टरांनी नियम खुंटीला टांगला. मला कागदांवरून उचललं, पुसलं, ऊब दिली. कान माझ्यावर, हात मनगटावर. मी पोटावर टेकलो आणि घाबरलो. आतला ठोका रेंगाळत होता. मिनिटाला चौर्‍याऐंशी. मनगटावर शहाण्णव. म्हणजे ही आईची नाडी नव्हती. दमून गेलेलं बाळच होतं ते. सिस्टरांनी पुन्हा एक मिनिट मोजलं आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी आधी कागद पाहिला. "एक वाजता तर एकशेचाळीस आहेत."

"दोन वाजताही एकशेचाळीस आहेत, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "अडीचला एकशेअडतीस. आणि आत्ता वाजलाय सव्वा."

डॉक्टर घड्याळाकडं पाहत राहिले. मग त्यांनी स्वतः कान लावला आणि ऑपरेशनची तयारी करा म्हणून सांगत धावले. मुलगी जन्मली तेव्हा निळी पडली होती. बर्‍याच वेळानं रडली. पण रडली.

मला वाटलं, आता ते कागद फाडतील. डॉक्टरांनी फक्त सव्वानंतरचे आकडे खोडले. आकडेसाहेबांना दुसर्‍या विभागात पाठवलं. बाकी सगळं तसंच छापून आलं. त्यात त्या बाईची सकाळही आहे, एकशेचाळीसची. कर्णा यंत्राइतकाच भरवशाचा, असा निष्कर्ष निघाला. माझी स्तुती आहे ती. मला तिची किळस येते.

आता मी काचेच्या कपाटात आहे. समोर पाटी आहे, तिच्यावर तीच स्तुती.

तीन वर्षांनी ती शिवणकामवाली लेकीला घेऊन मोठ्या सिस्टरांना भेटायला आली. सिस्टरांनी तिला छापलेल्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "माप न घेता शिवलं, तर गिर्‍हाईक कपडा तोंडावर फेकतं. यांच्या तोंडावर कोण फेकणार?"

सिस्टरांनी कपाट उघडून मला तिच्या हातात दिलं. तिनं मला पुसलं, ऊब दिली, लेकीच्या छातीवर टेकवलं आणि घड्याळाकडं पाहत एक पूर्ण मिनिट मोजलं.

"एकशेचार."

"लिहा," सिस्टर म्हणाल्या.

तिनं पिशवीतून कापड आखायचा खडू काढला आणि कपाटाच्या काचेवर आकडा लिहिला.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काही मोजाल. कुणाचा ताप, कुणाचं वजन, कुणाचा श्वास. ऐकलं नसेल तर जागा रिकामी सोडा. रिकाम्या जागेनं कुणी मरत नाही. आणि कधी या कपाटाशी आलात, तर पाटी हवी तर काढून टाका. पण काचेवरचा तो खडू पुसू नका. माझ्या नावावर इथं जे लिहिलंय, त्यात तेवढंच ऐकून लिहिलेलं आहे.