चुकीच्या जागी हशा

दिग्दर्शकाचे आधीचे सगळे सिनेमे त्याच्या थोरल्या बहिणीने संकलित केले होते, घराच्या मागच्या खोलीत, उष्टी ताटं बाजूला सारून. त्यामुळे उडणाऱ्या महानायकाचा अवाढव्य सिनेमा त्याच्या पदरात पडला, तेव्हा त्याने एकच अट घातली. कापायला ताईच हवी.

त्यात तिचा जीव अडकला होता एका लांब प्रसंगात. नायक घरी येऊन बहिऱ्या बापाशी भांडतो. पोराचे ओठ वाचायला लागू नयेत म्हणून बाप पाठ फिरवतो.

निर्मात्यांनी सिनेमा निवडक प्रेक्षकांना दाखवला. त्या प्रसंगाला काही जण चुळबुळले. लगेच फर्मान निघालं: बाप काढा, हवेतली आणखी एक मारामारी घाला.

"अरे, मग शेवटी बाप मरतो त्याचं काय?" ताईने विचारलं.

"संगीत चढवू. शिवाय तेव्हा अख्खं शहर कोसळतंय ना!"

"शहर पडलं म्हणून कुणी रडत नाही रे. त्यात आपलं माणूस असावं लागतं."

"ताई, माझ्या हातात काय उरलंय? डोक्यावर सतराजण बसलेत."

तो नजर चुकवत होता. तिने मुकाट्याने प्रसंग काढला.

पहिल्या खेळाला थिएटर खचाखच भरलं. नायकाचा मुखवटा दिसताच शिट्ट्या पडल्या. मध्यंतरानंतर मात्र मारामारीवर मारामारी सुरू झाली आणि अंधारात एकेक मोबाइल उजळू लागला. अखेर शहर कोसळलं, बाप ढिगाऱ्याखाली गेला, नायकाने हंबरडा फोडला.

"हे आजोबा कोण आता?" मागून कुणीतरी म्हणालं. रांगच्या रांग हसली.

दिग्दर्शकाने ताईचा हात घट्ट धरला, लहानपणी सुई टोचून घेताना धरायचा तसा. मग सोडला आणि उठून बाहेर गेला.

समीक्षकांनी सोलून काढलं. एकाने 'बडा घर, पोकळ वासा' असा मथळाच दिला. ताईला लागलं ते दुसऱ्याचं वाक्य: संकलनाला माणसांशी काही देणंघेणं नाही.

आठवड्याने ती भावाकडे गेली. त्याची दाढी वाढलेली, पण डोळ्यांत जरा जीव आलेला.

"गल्ला बरा जमलाय, निर्माते दुसरा भाग करायचा म्हणतात. या वेळी ऐकतील माझं."

"मागेही हेच म्हणाला होतास."

"येशील ना?"

"नाही रे."

"मग मला खरं सांगणार कोण?"

"सांगितलं होतं की!" तिचा आवाज चढला आणि तिलाच वाईट वाटलं.

त्याने दुसरा भाग घेतला. हल्ली भावंडं फोनवर आईच्या गुडघ्यांबद्दल बोलतात. सिनेमाचा विषय निघाला, की दोघांनाही अचानक काहीतरी काम आठवतं.