हार माझ्या गळ्यात, दोष माझ्या चाकांना

मित्रांनो, मला भंगार म्हणा, जुनाट म्हणा, पण 'नुसता गेम' म्हणालात तर माझ्याशी गाठ आहे! मी संगणकावरच्या लढाईच्या खेळातला एक रोबो आहे. माझा जन्म दोन हजार सहा सालचा. नाशिकला मखमलाबादच्या बाजूला जेजुरकरांचा फुलांचा मळा आहे. तिथल्या खोलीत एक जुना संगणक पोत्याखाली पडून आहे, त्याच्या पोटात मी राहतो. मला दोन चाकं आहेत, एक करवत आहे आणि हात एकच आहे. दुसरा हात कापला गेला. विनाकारण कापला गेला! ते सांगायलाच आज तोंड उघडलं आहे, तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

मला घडवलं वैष्णवीने. ती तेव्हा तंत्रनिकेतनात संगणकाचा डिप्लोमा करत होती. त्या खेळात तयार रोबो मिळत नाही. पत्रे, चाकं, मोटारी, साखळ्या असे सुटे भाग निवडून आपला रोबो आपणच जोडायचा आणि मग रिंगणात उतरवायचा. प्रत्येक भागाला वजन असतं. कोण कुणावर आपटलं, कोण किती घसरलं याचं गणित संगणक सेकंदाला कितीतरी वेळा करतो. वैष्णवीने भारनियमन सांभाळून, वीज असेल तेव्हा बसून, महिनाभरात मला उभं केलं. नाव ठेवलं झिपरू. माझ्या डोक्यावर एक केस नाही, पण ते जाऊ द्या.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी ओळीने सात रोबो लोळवले. देवरे सरांनी शाबासकी दिली. पुण्याच्या स्पर्धेला कॉलेजचा एकच रोबो जाणार होता आणि त्याच्यासोबत दोघांची जोडी. ती जोडी ठरली वैष्णवी आणि इंदिरानगरचा हर्षल. मला घडवताना हर्षलने काय केलं म्हणाल, तर शेजारी बसून वेफर्स खाल्ले.

मग आला दसरा. जेजुरकरांच्या घरात दसऱ्याला हाराशिवाय एकही यंत्र राहत नाही. विहिरीवरची मोटार, फवारणीचा पंप, मोटारसायकल, शिलाई मशीन, सगळ्यांच्या गळ्यात घरचा झेंडू. वैष्णवीची आई मंगलाबाई पूजेचं ताट घेऊन आली. तिने संगणकाला हार घातला आणि तिची नजर पडद्यावर, माझ्यावर पडली.

"अन् ह्याला गं?"

"आई, तो आत आहे. खोटा आहे तो."

"खोटा कसा? महिनाभर त्याच्यापुढं बसती तू, अन् खोटा? यंत्र हाय ना? मंग बोडका नाय ठेवायचा."

मला बाई आवडली. वैष्णवी हसली. तिने खेळातल्या सुट्या भागांतून छोटे केशरी गोळे शोधले, आईच्या हातात माऊस दिला आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला. मंगलाबाईने आयुष्यात पहिल्यांदाच माऊस धरला होता. तिने एकेक करून एक्कावन्न गोळे साखळीत ओवले, अगदी एकाला एक खेटून. गोळ्यात गोळा रुतला तरी थांबली नाही. फुलं विकणाऱ्या घरातली ती, विरळ हार म्हणजे त्यांच्याकडे लाज. "दोन फुलांमधून दोरा दिसला की गिऱ्हाईक हातबी लावत नाय," ती म्हणाली. तो भरगच्च हार माझ्या गळ्यात पडला. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, वैष्णवीने मला सीडीवर घालून कॉलेजात नेलं. रिंगण उघडलं, सुरू करायचं बटण दाबलं, आणि माझ्या अंगात काहीतरी शिरलं. मी नखशिखांत थरथरलो, गिरकी घेतली आणि सरळ आकाशात गेलो. समोर शत्रू नव्हता, धक्का नव्हता, स्फोट नव्हता. खाली येऊन आपटलो, पुन्हा उडालो. वर्ग हसून लोटपोट झाला.

"अगं, दिवाळी अजून लांब आहे! रॉकेट आत्ताच सोडलं?" हर्षल म्हणाला.

देवरे सर हसले नाहीत. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "शनिवारी सकाळी चाचणी. हा तीन मिनिटं जमिनीवर टिकला तर हाच जाईल. नाही टिकला तर हर्षलने स्वतः बनवलेला रोबो जाईल, आणि जोडीला मी दुसरा मुलगा देईन." म्हणजे वैष्णवीचं नाव कटणार. ती जागेवरून उठली नाही, पण कान लाल झाले तिचे. तिच्या घराण्यातून कॉलेजच्या नावाने कुठे जाणारी ती पहिलीच मुलगी होती.

आता ऐका माझ्यावर काय काय अत्याचार झाले. हर्षल म्हणाला, चाकं गुळगुळीत आहेत. चाकं बदलली. मी उडालो. मग म्हणाला, वजन वर जास्त आहे. माझ्या पोटात शिसं भरलं. मी शिशासकट उडालो! करवतीचा वेग निम्मा केला, तरी उडालो. सरांनी येऊन दोन मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "उजवा हात जड आहे, तोल जातो. काढून टाक." त्या हाताने मी सात जणांना लोळवलं होतं हो! तेव्हा तोल गेला नव्हता, तो मंगळवारीच कसा गेला? एवढा साधा प्रश्न एकालाही पडू नये? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि वैष्णवी, माझी वैष्णवी, तिनेही घाईघाईत हात काढला आणि मला त्याच नावाने साठवलं. जुनी प्रत ठेवलीच नाही. हात गेला तो कायमचा.

मी आतून बोंबलत होतो. अरे, दसऱ्यापर्यंत मी धड होतो ना? मग दसऱ्याला नवीन काय आलं ते बघा ना! पण हाराकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. हर्षल म्हणे, "ती सजावट आहे, तिला कसलं वजन?" आणि वैष्णवीला तो आईच्या हातचा होता, तिच्या मनात त्याच्याबद्दल शंकासुद्धा येईना.

शुक्रवारी दुपारी घरी ती माझ्यासमोर डोळे पुसत बसली होती. मंगलाबाई फुलं तोडून आली, हात धुतले आणि मागे उभी राहिली.

"काय झालं गं?"

"उडतोय आई. का उडतोय तेच कळत नाही."

"परत कर बरं."

वैष्णवीने बटण दाबलं. मी उडालो.

"परत कर. आता जरा सावकाश."

खेळाचा वेग कमी करता येतो. वैष्णवीने केला. मंगलाबाई पडद्याला नाक लावून बघत राहिली.

"अगं, आधी हा नाय हालत. आधी फुलं थरथरत्यात, मंग हा. बघ ना!"

अहो, चार दिवस शिकलेली माणसं चाकं बघत होती, करवत बघत होती. त्या बाईने फुलं बघितली, कारण ती जन्मभर फुलंच बघत आली होती. वैष्णवीने पुन्हा पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. या खेळाला एका जागी दोन वस्तू खपत नाहीत. एकमेकांत रुतलेल्या वस्तूंना तो ढकलून वेगळं करू बघतो. पण गोळे साखळीत बांधलेले, ते जाणार कुठे? तो ढकलतोय, साखळी ओढतेय. एक्कावन्न गोळ्यांची ती झटापट शेवटी माझ्या गळ्याशी यायची आणि मला उचलून फेकायची.

"पण तो तुझ्या हातचा हार आहे," वैष्णवी म्हणाली.

"मंग काय झालं? दसऱ्याला चार दिस झाले. शिळा हार कुणी ठेवतं का गं? निर्माल्य झालं ते. काढ!"

हार निघाला. आधी वैष्णवीने माझी एक प्रत वेगळ्या नावाने साठवली. आता अक्कल आली! बटण दाबलं. मी उभा राहिलो. एका हाताचा, पोटात शिसं घेऊन, पण उभा राहिलो. मंगलाबाईने पडद्यासमोर बोटं मोडून माझी दृष्ट काढली.

शनिवारी चाचणीत माझ्यासमोर हर्षलचा रोबो होता. त्याला मी दुसऱ्या मिनिटाला उलटा पाडला आणि उरलेला वेळ त्याच्याभोवती फिरत बसलो. आणि तो हर्षल काय म्हणाला माहीत आहे? "सर, मी हिला पहिल्यापासून सांगत होतो, ती सजावट काढ." निलाजरेपणाला काही सीमा?

सरांनी स्पर्धेचा अर्ज पुढे केला. वैष्णवीने दोघांची नावं लिहिली. खाली ओळ होती, मार्गदर्शकाचे नाव व सही. तिथे सरांचं नाव येतं, असा रिवाज. सरांनी पेनाचं टोपण काढूनही ठेवलं होतं. वैष्णवीने लिहिलं, मंगला जेजुरकर.

"हे कोण?"

"माझी आई. दोष तिने शोधला."

"अगं, मार्गदर्शक म्हणजे शिक्षक लागतो. खोड ते. नाहीतर तुझं नाव मला काढावं लागेल."

"काढा सर," वैष्णवी म्हणाली. "पण तुमच्या मार्गदर्शनाने माझ्या रोबोचा हात गेला, आणि तिने बघितल्यावर तो उभा राहिला."

सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "सही आणशील ना सोमवारी?"

मित्रांनो, यंत्र बिघडलं तर त्याच्यावर कोयता चालवण्याआधी प्रत ठेवा, एका वेळी एकच भाग बदला, आणि आधी काय हललं ते डोळे उघडून बघा. दोष ज्याने शोधला त्याचं नाव लिहायला लाजू नका. माझा हात आता परत येणार नाही, निदान तुमच्या यंत्रांचे तरी वाचवा.

त्या दिवशी संध्याकाळी अर्ज माझ्यासमोरच टेबलावर आला. मंगलाबाईने हात पदराला पुसले, पेन मुठीत धरलं आणि एवढ्या मोठ्या अक्षरांत सही केली, की कॉलेजच्या शिक्क्याला जागाच उरली नाही.