भुरी माझ्यात झोपायची

मी एक जुनी टोपली आहे. बुडाला भोक पडलं, काठाची वीण उसवली, म्हणून आता खुंटीला टांगून ठेवली आहे. मित्रांनो, परवा एक पाहुणी मला बघून म्हणाली, "हे शेणाचं टोपलं घरात कावून टांगलं वं?" शेणाचं! अस्सा राग आला म्हणून सांगू. मी भाजीची टोपली होते, वलगावच्या मनकर्णाबाईची. माझ्यातलं वांगं कधी कोणी किडकं म्हणून परत केलं नाही.

माझा जन्म अमरावतीचा. नत्थुजी बुरुडानं मेळघाटातल्या बांबूच्या कामट्या काढून मला विणलं. बोलायला माणूस कंजूष, पण विणताना कामटी मोडली की मलाच चार शिव्या हासडायचा. मनकर्णाबाई मला घ्यायला आली तेव्हा तिनं मला उलटं करून पाहिलं, बुडावर गुद्दे मारून पाहिले, काठ धरून ताणलं. "घ्यायची तं घे, नाईतं ठेव खाली," नत्थुजी वैतागून म्हणाला. तिनं घेतलं. घरी आणून शेणानं सारवलं, उन्हात वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चुंबळीवर ठेवून निघाली.

तिचा मळा पेढी नदीच्या काठाला होता. नवरा तापानं गेला तेव्हापासून मळा दीर कसायचा आणि भाजी ही विकायची. लेकरू नव्हतं. घरात एकटी. त्यातून ऐकायला कमी यायचं, अगदी कानाशी ओरडलं तरच कळायचं. त्यामुळे लोक तिच्याशी कामापुरतंच बोलत. मेथी दे, सांभाराची जुडी दे, झालं. घसा ताणून कोण गप्पा मारत बसणार?

भुरी आली ती अमरावतीच्या बाजारातून. भाजी संपली होती, मी रिकामी पडले होते, आणि मातकट रंगाचं एक पिल्लू माझ्यात शिरून मेथीच्या काड्यांवर झोपलं. मनकर्णाबाईनं त्याला उचलून खाली ठेवलं. ते परत चढलं. तिनं परत उतरवलं, ते परत चढलं. "मोठी चिवट हाय वं माय तू," ती हसून म्हणाली आणि आम्हा दोघींना डोक्यावर घेऊन घरी आली. तिला मी हसताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

त्या दिवसापासून दिवसा माझ्यात भाजी आणि रात्री भुरी. आधी मला ते मुळीच आवडलं नाही. केस काय, पंज्यांचे ओरखडे काय! पण हळूहळू सवय झाली. मांजर झोपली की तिच्या पोटात घरघर वाजते ना, ती माझ्या कामट्याकामट्यांत उतरायची. मनकर्णाबाईला ती ऐकू येत नसे. ती भुरीच्या पाठीवर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "वाजून रायली, वाजून रायली." तळहातानं ऐकायची ती. भुरीशी मात्र तासन्‌तास बोलायची. कोणी काय भाव पाडला, कोणाच्या घरी काय रांधलं, सगळं. ती दोघींचीच दुनिया होती आणि मी तिसरी, न बोलणारी.

मग एका वैशाखात भुरी गाभण होती. पोट टम्म झालं, चालणं जड झालं. मनकर्णाबाईनं माझ्यात जुनं लुगडं अंथरलं आणि गल्लीभर सांगत सुटली, "माही भुरी आजउद्या व्येते!" माहेरवाशीण लेक घरी आल्यासारखी तिची लगबग चालली होती.

आणि एके दिवशी ती भाजी विकून परतली, तर भुरी घरात नव्हती.

ती मळ्यात जाऊन आली. गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागे बघून आली. शेजारची माणिकबाई तिच्या कानाशी ओरडून म्हणाली, "अवं, व्यायले बसली असन कुठंतरी! मांजर सात घरं फिरते अन्‌ येते. तू नोको घोर करू." गावात सगळे हेच म्हणत होते. मनकर्णाबाईलाही तसंच वाटलं, आणि ती थांबली. वैशाखातलं ऊन, त्यात असं हातावर हात धरून थांबणं.

सकाळी तिला धीर निघाला नाही. तिनं मला डोक्यावर घेतलं, भाजी भरली, पण खाली ते लुगडं तसंच ठेवलं. म्हणाली, "वास आला तं येईन." दारोदार मला खाली ठेवायची, भाजी बाजूला सारायची, लुगड्याचा कोपरा बाहेर काढायची आणि विचारायची, "माही भुरी पाह्यली का वं?" बाया भाजी घ्यायच्या विसरून बोलू लागल्या. कोणी माळा पाहिला, कोणी कणगीमागे काठी घातली. अमरावतीला भाजी नेणाऱ्या गाडीवाल्यांना निरोप दिला. देवळाच्या पायरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनीही नजर ठेवायचं कबूल केलं. ज्या गावानं तिच्याशी कधी दोन शब्दांच्या वर बोलणं केलं नव्हतं, तेच गाव आता तिच्या कानाशी ओरडत होतं. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

फिरत फिरत आम्ही उत्तमरावांच्या दारी आलो. चांगली काळी जमीन, दारात बैलजोड्या, मोठं घर. पण मागच्या पोळ्यानंतर त्यांचे दोन बैल पाठोपाठ गेले आणि त्यांच्या बायकोच्या, दुर्गाबाईच्या मनात बसलं की घरातली बरकत उठली. एरवी दुर्गाबाई स्वतः ओसरीवर बसून वांगं दाबून दाबून घ्यायची. त्या दिवशी तिनं सुनेला, वच्छलाला, बाहेर पाठवलं.

वच्छलानं भाजी घेतली आणि बदल्यात माझ्यात सुपातली जवारी ओतली. आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. ओसरीच्या पलीकडे सरकीची खोली होती, टिनाच्या छपराची, दाराला कडी लावलेली. तिच्या आतून भुरी ओरडत होती. तिला माझा वास आला होता. बारीक, घसा बसलेला आवाज. मित्रांनो, मी बांबूची. माझ्या आवाजाला कोण विचारतं? माझ्या मालकिणीच्या हातभर अंतरावर तिचा जीव ओरडत होता आणि ती जवारी निवडत बसली होती, कारण तिला ऐकू येत नव्हतं.

वच्छलाला येत होतं. ती वाकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मावशी, तुमची मांजर अंदर हाय." मनकर्णाबाई म्हणाली, "हो वं, जवारी चांगली हाय." वच्छलानं घरात वळून पाहिलं. सासू आतच होती. मोठ्यानं बोलावं तर सासूच्या कानावर जाईल, हळू बोलावं तर मावशीच्या कानावर जात नाही. तिनं पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा तसंच हळू. मनकर्णाबाईनं मला उचललं आणि आम्ही निघालो. भुरीचा आवाज मागे येत राहिला.

भुरीला असं काहून कोंडलं असेल दुर्गाबाईनं? सांगते. मांजर व्याली की पिल्लांमागून पडणारी आपली वार आपणच लगेच खाऊन टाकते. तिनं खायच्या आधी ती हाती लागली आणि वाळवून धान्याच्या कणगीत ठेवली, तर घराची बरकत परत येते, अशी आमच्याकडे समजूत. सगळेच मानत, मनकर्णाबाईसुद्धा. दुर्गाबाईला भुरीला मारायचं नव्हतं. मांजर मारणं केवढं पाप, ते काय तिला कळत नव्हतं? तिनं आत दुधाची वाटी ठेवली, पाणी ठेवलं. आज व्येते, उद्या व्येते, वार मिळाली की गुपचूप सोडून देऊ, एवढाच तिचा हिशोब. पण घाबरलेल्या भुरीनं वाटी लवंडली आणि सरकीनं सगळं पिऊन टाकलं. वर टीन तापलेलं.

संध्याकाळी पुंजाराम कोतवाल डफडं घेऊन निघाला. त्याच्या डफड्यावर एरवी सरकारी काम व्हायचं. डिप्टी कमिशनर साहेब दौऱ्यावर येऊन राहिले, रस्ते झाडून ठेवा, असलं. त्या दिवशी कोणी न सांगता त्यानं दवंडी दिली, "ऐका हो! मनकर्णामायची भुरी मांजर हरपली हो! गाभण हाय हो! ज्याले दिसन त्यानं आनून द्यावी हो!" काही लोक हसले. मांजरीची दवंडी! पण बाया हसल्या नाहीत.

दवंडी उत्तमरावांच्या गल्लीत आली तशी वच्छला डोक्यावरचा पदर सांभाळत धावत बाहेर आली. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "डफडं थांबवा पुंजारामदादा. मांजर आमच्या सरकीच्या खोलीत हाय. म्या मावशीले सांगतलं, तिले ऐकू नाई गेलं." आता मात्र ती मोठ्यानं बोलली. सगळ्या गल्लीनं ऐकलं, सासूनंही.

पुंजारामनं मनकर्णाबाईला आणलं, मागून माणिकबाई आणि दहा बाया. दुर्गाबाईनं कडी काढली. आतून भट्टीसारखी झळ आली. भुरी सरकीत व्याली होती. पिल्लं मेलेली होती. ती तेवढी जिवंत होती, जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. मनकर्णाबाईनं तिला उचलून माझ्यातल्या लुगड्यावर ठेवलं. कोणीतरी तिच्या तोंडाला ओला बोळा लावला. मनकर्णाबाईनं पाठीवर तळहात ठेवला आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "वाजून रायली!" ती म्हणाली. खरंच वाजत होतं, अगदी मंद. माणिकबाईनं डोळ्याला पदर लावला.

मग मनकर्णाबाईनं मला डोक्यावर घेतलं. वाटभर ती बोलत होती. "आता घरी गेलो का दूध देतो तुले. तुह्या साठी गाव जमा झालं पाय. कोतवालानं दवंडी देली, सायबासारखी. आता कुठं जाशीन तं सांगून जाय." बाया मागून येत होत्या. सगळ्यांच्या जिवात जीव आला होता.

नदीच्या उतारावर माझ्यातली घरघर थांबली.

मला कळलं. ज्या वजनाला मी रात्र रात्र ओळखत होते, ते एकदम जड झालं. आणि वर माझी बाई बोलतच होती, पिल्लांचं दुःख नोको करू म्हणत होती, पुढच्या साली पुन्हा होतीन म्हणत होती. हात काठाला, तळहात पाठीला नाही. तिला कसं कळणार? तेवढी वाट मी मेलेली भुरी घेऊन चालले आणि माझी बाई जिवंत भुरीशी बोलत चालली. देवा, टोपलीला हे कळण्याइतकं मन कशाला दिलंस?

घरी तिनं मला उतरवलं. तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग दुसरा हातही ठेवला. बायांनी गलका केला, ती तिथंच भिंतीला टेकून बसली.

अंधार पडता पडता दुर्गाबाई आली. हातात दुधाचा गडवा. दारातच थांबली, आत यायची हिंमत होईना. माणिकबाई तिच्यावर धावूनच जात होती, "आता कोनाले पाजतं वं दूध?" मनकर्णाबाईनं तिला हातानं थांबवलं. दुर्गाबाई कानाशी वाकून रडत म्हणाली, "चुकलं वं बाई माहं. मले फक्त वार पायजे होती."

मनकर्णाबाईच्या आवाजात राग नव्हता, तोच तर मला आजवर सहन होत नाही.

"मंग सांगाचं ना वं मले," ती म्हणाली. "म्या रातभर तिच्यापाशी जागली असती, अन्‌ सकायी वार तुह्या घरी आनून देली असती."

दुर्गाबाईनं हातातला गडवा तिथंच दारात ठेवला.

मित्रांनो, मला भाजी वाहायची सवय, उपदेशाची नाही. तरी एवढं ऐका. काही हवं असेल तर मागा. ज्याच्याजवळ आहे त्याच्या दारी जा, लाज वाटली तरी जा. आणि कुठल्या बंद दाराआडून मुका जीव ओरडताना ऐकू आला, तर कोणाचं दार, कोणाची सासू, हे बघत बसू नका. लगेच मोठ्यानं सांगा. ज्यांना ऐकू येतं, त्यांनी तरी थांबू नये.