चपलांच्या कपाटावर बुद्ध

नाहूरच्या नव्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकताच अंबादासांना समोर बुद्ध दिसले. नुसतं डोकं. मानेखाली काहीच नाही. खाली चपलांचं कपाट, वर पिवळा दिवा.

"बाकीचे कुठे गेले गं?" त्यांनी ऋतिकाला विचारलं. ही इंटिरियर डिझायनर. मुलाने, चैतन्यने, सगळं घर तिच्या हाती सोपवलेलं.

"काका, शोपीस आहे. आत आल्यावर शांत वाटतं ना?"

"वाटणारच. मान उडवल्यावर कोण बोलणार?"

"पप्पा, सुरू नका होऊ," चैतन्य कसनुसा हसला.

"तुमच्या घरी देव असतील ना, पोरी?"

"हो, देवघर आहे."

"त्यांचंही डोकंच ठेवलंय, की पूर्ण आहेत? आणि चपला कुठे काढता?"

ऋतिकाने जीभ चावली. तिने मूर्ती उचलली आणि आता ठेवायची कुठे ते न कळून तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून उभी राहिली.

"आणि आमचा फोटो?"

बाबासाहेबांचा तो फोटो अंबादासांनी मरोळच्या कारखान्यातल्या पहिल्या पगारातून घेतला होता. घाटकोपरच्या खोलीत दार उघडलं की समोर तोच. पाहुणा आधी जय भीम करी, मग चहा. खाली त्यांची बायको शेवंती मेणबत्ती लावायची. ती जाऊन आठ वर्षं झाली, भिंतीला मेणाचा वास अजून होता. डोळे मिटून आत आले तरी अंबादासांना कळे, घर आलं.

"तुमच्या बेडरूममध्ये लावलाय, काका. मस्त स्पॉटलाइट दिलाय. हॉलच्या रंगात बसत नव्हता."

"रंगात की लोकांत?" अंबादास तिच्याकडे नाही, मुलाकडे बघत होते.

चैतन्य मोबाइल चाळायला लागला. "ऑफिसचे लोक येतात, पप्पा. शेजारी आहेत. बुद्ध असला की कुणी काही विचारत नाही."

बरोबरच होतं त्याचं. ते डोकं कुणाच्याही हॉलमध्ये चालतं, हॉटेलात चालतं, मसाज पार्लरमध्येही चालतं. त्याला कुणी आडनाव विचारत नाही. फोटो न विचारता सांगून टाकतो.

"मग मी घाटकोपरलाच बरा," अंबादास म्हणाले. "बेडरूममध्ये लपून बसायचं माझं वय नाही राहिलं. फोटो काढून दे, घेऊन जातो. पाहुण्यांना सांग, पप्पा गावी असतात."

त्यांनी खरोखरच पिशवी उघडून धरली.

चैतन्यने त्या पिशवीकडे बघत मोबाइल खिशात टाकला. मग म्हणाला, "ऋतिका, तो स्पॉटलाइट इथे घेता येईल? दारासमोर?"

"वायर फिरवावी लागेल, सर. सीलिंग फोडावं लागेल. परवाच झालंय ते."

नव्याकोऱ्या पांढऱ्या छताकडे चैतन्यने एकदा कळवळून पाहिलं.

"फोडा."

अंबादासांनी पिशवी घडी करून खिशात घातली आणि शिडी नेमकी कुठे लावायची यावर ऋतिकाशी वाद घालायला लागले.