डाव्या बर्नरला दिलेला घास

मी गॅसची शेगडी बोलतेय. परभणीतल्या किशनरावांच्या ओट्यावरची. अठ्ठ्याहत्तर साली त्यांच्या मुलानं मला घरी आणलं, तेव्हा किशनरावांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, मला हळदकुंकू वाहिलं. त्यांचा जन्म मातीच्या चुलीपुढं गेलेला. पहिला घास चुलीला, मग माणसांना, ही त्यांची रीत. रोज तूपभाताचा घास त्या माझ्या डाव्या बर्नरवर ठेवायच्या. तो करपून आत उतरायचा. भोकं बुजत चालली होती. पण मला सांगता कुठं येतं?

दिवाळीनंतर त्या वारल्या. तेरावं झालं आणि नव्या सुनेनं, सत्यशीलानं, डाव्या बर्नरला काडी लावली. जाळ लागलाच नाही.

शेजारच्या सरजाबाई दारातूनच म्हणाल्या, "सासूचा जीव गुतलाय त्याच्यात. तुझ्या हातचं चालंना तिला."

"मावशी, मी काय केलं वो त्यांचं?"

"ते तिलाच इचार!"

मग सरजाबाईंनी माझ्यावर अंगारा टाकला. त्यानं उरलीसुरली भोकंही बुजली. सत्यशीला उजव्या बर्नरवर रडत रांधायची. "सासूबाईंना मी नको असंल, तर माहेरी जाते," म्हणू लागली.

आणि किशनराव? ते संध्याकाळी माझ्या डाव्या अंगाला स्टूल ओढून बसायचे. "मनकर्णा, गुडघा लय दुखायलाय," असं हळूच म्हणायचे आणि कान देऊन थांबायचे. कधी कधी मलाही बांगड्या वाजल्याचा भास व्हायचा.

जाण्याची पिशवी भरून झाली, त्या सकाळी सत्यशीला माझ्याकडं बघत उभी राहिली. तिनं गॅस बंद केला, दोन्ही बर्नर काढले, इकडचा तिकडं बसवला. आता डावीकडं जाळ लागला, उजवीकडं नाही!

"मामा," तिनं सासऱ्यांना हाक मारली, "जागेत काही न्हाई. बर्नरच चोंदलाय."

तिनं तो पिनेनं टोकरला, परातीत आपटला. कोळसा झालेली शितं पडली.

किशनरावांनी एक शीत चिमटीत धरलं. "ती तुझ्यावर रागावली न्हवती, पोरी. शेगडीला जेवू घालायलती."

तिनं काडी ओढली. निळा जाळ गोल फुलला. कितीतरी दिवसांनी ती हसली.

किशनराव मात्र जाळाकडं बघत राहिले. "म्हणजे इथं कुणीच न्हवतं की गं," ते म्हणाले.

आता माझे दोन्ही बर्नर जळतात. किशनराव इकडं फिरकत नाहीत.

बायांनो, जाळ लागला नाही तर भोकं जरूर साफ करा. पण शेगडीपाशी कुणी म्हातारं बोलत बसलं असेल, तर त्याचं बोलणं तेवढं संपू द्या.